निबंधात मेलेले आबा

मुलांच्या लिखाणात आईबापांनी किती हात घालावा, हा प्रश्न लोक मला कुठंही विचारतात. लग्नाच्या पंगतीत विचारतात, भाजी घेताना विचारतात. एकदा दातांच्या डॉक्टरने माझा जबडा उघडा धरून विचारला. मी नुसतं "आ" केलं. त्याला वाटलं दुखतंय, म्हणून त्याने अजून एक इंजेक्शन ठोकलं.

विचारतात, कारण मी नाशिकच्या एका लहानशा दैनिकात रविवारचं मुलांचं पान बघायचे. तसं माझं काम प्रुफं तपासायचं. दिवसभर दुसऱ्यांची वाकडी वाक्यं सरळ करायची आणि मान मोडून आली की मुलांच्या पत्रांचा गठ्ठा ओढायचा. मुलांची कसली, आईबापांचीच पत्रं ती. बाप काय करतो हे मला पोराच्या निबंधावरून कळायचं. "सदर गाय ही उपयुक्त प्राणी असून" आलं की बाप कचेरीत. गायीच्या दुधातल्या कॅल्शियमवर तीन वाक्यं आली की औषधांचा एजंट. दुसरीतल्या एका पोराने विरहावर कविता पाठवली होती. दुसरीतल्या पोराला कसला आलाय विरह? डबा हरवला असेल फार तर. आणि ती छापली नाही म्हणून त्याच्या आईने फोनवर माझी अशी काही हजेरी घेतली की मी रिसीव्हर कानापासून लांब धरून प्रुफं वाचत बसले.

मला राग यायचा नाही असं नाही, पण त्या रागाचाही कंटाळा आला होता. घरोघरी मातीच्या चुली. मी स्वतः अशाच एका चुलीवर शिजलेय.

माझे बाबा जिल्ह्याच्या एका सरकारी कचेरीत अव्वल कारकून होते. मसुदा लिहावा तर त्यांनीच, अशी त्यांची ख्याती. आम्ही सिडकोत राहायचो आणि आमच्या गल्लीतल्या कुणाचंही काही अडलं की तो माणूस आमच्याकडे यायचा. बदली झालेल्या साहेबाचं मानपत्र, लग्नपत्रिकेचा मजकूर, कुणाच्या वर्षश्राद्धाच्या चार ओळी. बाबा टेबलाशी बसायचे, लिहिताना ओठ हलवायचे, आणि त्यांच्या पेनातून झुळझुळ मराठी वाहायला लागायचं. शेजारच्या पोरांची गॅदरिंगची भाषणंही तेच लिहायचे. पोरं ती पाठ करायची, हातवारे करून म्हणायची आणि कप घेऊन यायची. आमच्या गल्लीत यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. ज्याला लिहिता येतं त्याने लिहून द्यायचं, जसं ज्याच्याकडे शिडी आहे त्याने शिडी द्यायची.

आणि बाबा होते मळ्यातले. मखमलाबादच्या पुढे आमच्या आजोबांचा, म्हणजे आबांचा, भाजीचा आणि फुलांचा मळा होता. मेथी, कोथिंबीर, फ्लॉवर, दसरा-दिवाळीला झेंडू, थंडीत शेवंती. बाबा शिकायला शहरातल्या शाळेत आले तेव्हा त्यांच्या दप्तराला कोथिंबिरीचा वास यायचा आणि तोंडात हाय-नाय होतं. वर्ग खो खो हसायचा. एका मास्तरांनी त्यांना उभं करून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं होतं, वर्गाची करमणूक म्हणून. हे मला बाबांनी नाही, आईने सांगितलं. त्यानंतर बाबांनी ती भाषा अशी काही झटकली की मी जन्मात कधी त्यांच्या तोंडून "हाय" ऐकलं नव्हतं. झोपेत बडबडले तरी शुद्ध बडबडायचे.

मी पाचवीत होते. नव्वदच्या दशकाची सुरुवात असेल. गावातल्या एका मंडळाने शाळाशाळांमधून निबंधस्पर्धा ठेवली. विषय "माझे आजोबा". घरून लिहून आणायचा, आणि ज्याचा पहिला नंबर येईल त्याने बक्षीस समारंभात तो स्टेजवरून म्हणायचा.

मी लिहिला. मला तो जवळजवळ आठवतो. माझे आबा पाच-तीन-दोन खेळताना पत्ते चोरतात. हरले की पत्ते उधळून देतात आणि म्हणतात, गड्डीच खराब हाय. आबांना बैलाची भीती वाटत नाही, सापाची वाटत नाही, पालीची वाटते. भजनाला जातात पण मधेच डुलक्या घेतात आणि चहा आला की बरोबर जागे होतात. मला लुनावर पुढे उभं करून गंगापूर धरणावर नेतात आणि घरी सांगतात, देवळात गेलो होतो. असं बरंच काही होतं.

बाबांनी तो वाचला. आधी हसले. मला वाटलं, जमला. मग चष्मा काढून पुसत म्हणाले, "बाळा, हे असं जगापुढे सांगतात का? लोक काय म्हणतील, आजोबा आहेत की कोण आहेत?"

"पण खरंच चोरतात ना."

"खरं आणि निबंध, दोन वेगळ्या गोष्टी आहेत," बाबा म्हणाले आणि त्यांनी कोरा कागद ओढला.

मग आबांच्या कपाळाला बुक्का लागला. मुखी हरिनाम आलं. ते पहाटे उठून मला थोर पुरुषांच्या गोष्टी सांगायला लागले. पहाटे आबा शेपू-कोथिंबीर घेऊन मार्केटला जायचे आणि हमालांना शिव्या घालायचे, पण ते असो. ते वटवृक्ष झाले. आणि शेवटच्या परिच्छेदात बाबांनी त्यांना मारलं.

मी म्हटलं, "अहो बाबा, आबा तर आहेत. काल तर मेथी देऊन गेले."

"निबंधात गं. परीक्षकाच्या डोळ्यांत पाणी यायला हवं. त्याशिवाय पहिला नंबर नाही."

आई आत पोळ्या लाटत होती. ती लाटणं घेऊनच बाहेर आली. "अहो, धडधडीत जिवंत माणसाला मारताय? जिभेला काही हाड?"

"उलट आयुष्य वाढतं म्हणतात, मेल्याची खोटी बातमी उठली की," बाबा म्हणाले. त्यांनी मान वर केली नव्हती. ओठ हलत होते. त्यांना सूर सापडला होता. आईने देवापुढे साखर ठेवली आणि विषय संपला.

निबंधातले आबा मरताना माझ्या मस्तकावर थरथरता हात ठेवून म्हणाले, "बाळ, कष्टाची कास कधी सोडू नकोस." मी तो सगळा पाठ केला. चालीत, थांबे घेऊन. कास या शब्दाचा अर्थ मला माहीत नव्हता, पण तिथे आवाज खाली आणायचा एवढं माहीत होतं.

पहिला नंबर आला. मी आनंदाने वेडी झाले आणि रविवारी मळ्यात जाऊन आबांना सांगून आले की तुमच्यावर निबंध लिहिला आणि बक्षीस मिळालं; समारंभ कुठे, कधी तेही सांगितलं. निबंधात काय आहे ते नाही सांगितलं. खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्या ते लक्षातही नव्हतं. माझ्या डोक्यात निबंधातले आबा वेगळे आणि मळ्यातले वेगळे असे दोन झालेले होते. बाबांनीही त्यांना बोलावलं नव्हतं. पण आबांना बोलवायला लागायचंच कुठे?

समारंभ एका शाळेच्या हॉलमध्ये होता. माझं नाव पुकारलं, मी स्टेजवर गेले, आणि मागच्या दाराने आबा आत आले. इस्त्रीचा सदरा, नवी टोपी, हातात ओल्या गोणपाटात गुंडाळलेली शेवंती. थेट दुसऱ्या रांगेत येऊन एका बाईंच्या शेजारी बसले आणि मला हात केला.

मी बाबांकडे बघितलं. ते भिंतीशी उभे होते आणि त्यांचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. एक क्षण मला वाटलं, ते येतील आणि मला खाली नेतील. त्यांनी गुडघ्याजवळ हात नेऊन बोटांनी खूण केली. म्हण. दुसरं काय करणार होते? आणि मी तरी काय करणार होते? पाठ केलेलं माणूस मधून बदलू शकत नाही. सुरुवात केली की ते शेवटाला नेऊनच सोडतं.

मी म्हटलं. आबांच्या डोळ्यांदेखत आबांना मारलं. कासेशी आवाज खाली आणला. बायका डोळ्यांना पदर लावायला लागल्या. प्रमुख पाहुणे निवृत्त मुख्याध्यापक होते, त्यांनी माइक हातात घेतला, चष्मा काढला, आणि म्हणाले की या कष्टकरी आत्म्यासाठी आपण सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू या.

सगळा हॉल उभा राहिला. आबाही उभे राहिले.

शेवंती खुर्चीवर ठेवून, हात जोडून. बाकीच्यांनी डोळे मिटले होते, आबांचे उघडे होते आणि ते माझ्याकडे बघत होते. रागावून नाही. भाव पडल्यावर मार्केटमध्ये बघायचे तसं, म्हणजे आता ह्याचं काय करावं अशा नजरेने. स्तब्धता संपल्यावर शेजारच्या बाईंनी त्यांना हळूच विचारलं, "तुमच्या ओळखीतले होते का?"

आबा म्हणाले, "व्हय. लय जवळची वळख होती."

बाहेर आल्यावर त्यांनी आम्हाला रस्त्यापलीकडच्या रसवंतीत नेलं. "चला, माझ्या तेराव्याचा रस प्या." आई डोळ्याला पदर लावून हसत होती की रडत होती कळत नव्हतं. बाबांनी ग्लास तोंडाला लावला नाही. ते म्हणाले, "आबा, ते निबंधापुरतं असतं."

"आरं, मग काय झालं? मेल्यावं लोकं काय बोलत्यात ते जित्यापणी ऐकाया मिळालं. नशीब लागतं त्याला." आबांनी मिशीवरचा फेस पुसला. "पर मरताना मी असलं बोलन व्हय रं? कास आन् बिस? मी आपलं पानी मागंन."

मग आबा माझ्याकडे वळले. "पत्त्याचं नाय लिवलंस?"

मी बाबांकडे बघितलं. आबांनीही माझ्या नजरेबरोबर बाबांकडे बघितलं आणि त्यांना काय कळायचं ते कळलं असावं. ते म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे. बक्षीस मिळालं ना, बास. आता तू तुझं एक लिव. माझ्यापुरतं. आन् मला वाचून दाव."

हे मात्र मी मनावर घेतलं. दिवाळीच्या सुट्टीत मळ्यात जायचं होतं, त्याच्या आधी बसून लिहिलं. पत्ते लिहिले, पाल लिहिली, लुना लिहिली. आणि लिहून झाल्यावर बाबांकडे नेलं. आमच्याकडे तसंच असायचं, लिहिलं की बाबांना दाखवायचं, जेवण झालं की ताट मोरीत ठेवायचं. बाबा म्हणाले, "मी फक्त शुद्धलेखन बघतो हं."

खरंच त्यांनी शुद्धलेखनापासूनच सुरुवात केली असणार. पण माणसाच्या हाताला सवय असते. पालीच्या जागी "किंचित भित्रा स्वभाव" आला, मग पुढच्या वाक्याशी जुळेना म्हणून तेही गेलं. पत्त्यांचं "खेळकर वृत्ती" झालं. कागद परत आला तेव्हा वटवृक्ष होता, हरिनाम होतं, एवढंच की या वेळी आबा जिवंत होते.

मी तोच कागद घेऊन मळ्यात गेले. तिन्हीसांजेची वेळ होती. आबा गोणपाटावर बसून दुसऱ्या दिवशीच्या मार्केटसाठी मेथीच्या जुड्या बांधत होते. मी त्यांच्यासमोर बसून वाचलं. ते केळीच्या वाळल्या सालीची दोरी घ्यायचे, जुडीला दोनदा गुंडाळायचे, पीळ द्यायचे आणि टोक आत खोचायचे. गाठ कधीच मारायचे नाहीत. "गाठ मारली की बाईमानूस वैतागतं, भाजी सोडताना," असं ते म्हणायचे. माझं वाचून झालं तरी त्यांचा हात थांबला नाही.

"चांगलं हाय," ते म्हणाले. दोन-तीन जुड्या बांधल्या. मग म्हणाले, "पर ह्यात मी कुठं हाय?"

विळा कुठं ठेवला असं विचारावं तसं विचारलं. त्यांनी एक दोरी माझ्याकडे टाकली. मीही जुड्या बांधायला लागले.

त्यांनी पुन्हा कधी लिही म्हटलं नाही. पत्ते खेळायला बोलवायचे, चोरायचेही. पण लिही म्हटलं नाही. आणि मी बाबांना आबांचा तो प्रश्न सांगितला नाही. काय म्हणून सांगणार? बाबा काही दुष्ट नव्हते हो. पोरीला कुणी हसू नये म्हणून धडपडत होते बिचारे.

मी कॉलेजात गेले त्या वर्षी आबा गेले. मेल्याच्या बातमीने आयुष्य वाढतं म्हणतात, ते किती वाढलं कुणास ठाऊक. मार्केटमधून आले, ओट्यावर टेकले, पाणी मागितलं आणि मळ्यात राहणारी माझी काकू पाणी घेऊन येईपर्यंत संपलं होतं. पाणी मागितलं, हे मला काकूने सांगितलं तेव्हा मी इतक्या जोराने रडले की बायका मलाच धरायला धावल्या.

रामकुंडावर दहावा झाला. आमच्याकडे दहाव्याला भाषणं होतात. मार्केटचे व्यापारी बोलले, गावचे सरपंच बोलले. शेवटी बाबा उभे राहिले. ज्या माणसाने अख्ख्या गल्लीला श्रद्धांजल्या पुरवल्या तो आपल्या बापाबद्दल काय बोलतो म्हणून सगळे कान देऊन बसले. बाबांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "आमचे आबा म्हणजे वटवृक्ष." पुढचं मला पाठ होतं. तेच परिच्छेद, तेच थांबे. कासेशी त्यांचाही आवाज खाली आला. दुसरं काही त्यांच्याकडे नव्हतंच. त्यांनी आपल्या बापाची श्रद्धांजली आधीच लिहून टाकली होती आणि पोरीकडून म्हणवून घेतली होती. मी गोदावरीच्या, म्हणजे आमच्या गंगेच्या, पायरीवर बसले होते. मला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त दया आली, आणि दोन्ही गिळून मी घरी आले.

नंतर माझं लग्न झालं, मुलगी झाली, पेपरातली नोकरी लागली. मी आणि नवरा दोघंही कामाला, त्यामुळे मुलगी शाळेतून आजी-आजोबांकडे जायची आणि संध्याकाळी मी स्कूटीवरून तिला घ्यायला जायचे. बाबा निवृत्त झाले होते. मानपत्रं आता कॉम्प्युटरवाले छापून द्यायचे. त्यामुळे बाबांचा सगळा मोर्चा नातीच्या गृहपाठाकडे वळला होता. मी आधीच बजावून सांगितलं होतं, तिच्या वहीत पेन घालायचं नाही. ते "नाही गं बाई" म्हणायचे. ते "नाही" मला चांगलं माहीत होतं.

एका संध्याकाळी गेले तर बाबा टेबलाशी बसलेले. जुन्या कॅलेंडरच्या पानामागे लिहीत होते, चहावर साय धरली होती. मुलगी खाली फरशीवर पालथी पडून रंगवत होती.

"काय चाललंय?"

"शाळेत निबंध दिलाय," मुलगी म्हणाली. तिसरीत होती. "माझे आजोबा. आजोबाच लिहितायत."

मी पर्स सोफ्यावर टाकली आणि मटकन बसले. दिवसभर प्रुफांनी डोळे चुरचुरत होते. मला ओरडायचंही त्राण नव्हतं. स्वतःवरचा निबंध स्वतःच लिहायला बसलेला माणूस! धन्य. मुलांचं पान बघून बघून मी पुष्कळ काही पाहिलं होतं, पण हे नव्हतं पाहिलं.

"बाबा, कमाल करता."

"अगं, तिला सुचत नव्हतं. मी नुसता सांगाडा देतोय." त्यांनी कागद लांब धरून वाचला. "झालाय तसा. शेवट तेवढा राहिलाय. शेवट काय करू गं?"

माझ्या तोंडून निघून गेलं. "तुम्हाला मारू नका म्हणजे झालं."

आई स्वयंपाकघरात भांडं आपटायची थांबली. बाबा हसले, मग त्यांचं हसू ओसरलं. इतक्या वर्षांत तो दिवस आमच्या घरात कुणी काढला नव्हता. झाकली मूठ होती ती.

"त्या दिवशी आबांना राग आला होता का गं?" बाबांनी विचारलं. माझ्याकडे न बघता. "मला म्हणाले नाहीत कधी. तुला काही म्हणाले?"

मी दमले होते. एरवी काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली असती. पण दमलं की माणसाला खोटं रचायचाही कंटाळा येतो. मी सांगितलं. दिवाळीतली ती संध्याकाळ, मेथी, दुसरा निबंध, आणि आबा काय म्हणाले ते. त्यांच्याच शब्दांत सांगितलं. ह्यात मी कुठं हाय.

बाबांनी पेनाला टोपण लावलं, लिहिलेल्या कागदाची घडी घातली, मग आणखी एक घडी घातली. मुलीला म्हणाले, "तुझं तू लिही," आणि उठून गॅलरीत गेले. आई मला खुणेने म्हणाली, कशाला बोललीस. मलाही तसंच वाटत होतं. म्हाताऱ्या माणसाला हे आता सांगून काय मिळवलं मी?

मुलीने मात्र लगेच वही ओढली. तिला सुचत नव्हतं हे बाबांचं म्हणणं, तिचं नव्हतं. तिने लिहिलं, खोडलं, पेन्सिल चावली, पुन्हा लिहिलं. त्या निबंधाला शाळेत काही मिळालं नाही, हे आधीच सांगून टाकते. "ठीक" असा शेरा मिळाला. लिहून झाल्यावर ती वही घेऊन गॅलरीत गेली. मी मागोमाग गेले, कारण बाबांच्या सदऱ्याच्या खिशात कायम पेन्सिल असायची.

बाबांनी वही घेतली, चष्मा चढवला. पेन्सिल बाहेर आलीच. त्यांचे ओठ हलायला लागले, आणि मागून आलेली आई आणि मी त्यांच्या खांद्यावरून वाचत होतो.

"माझे आजोबा रिटायर आहेत. ते सगळ्यांचे निबंध लिहून देतात. लिहिताना त्यांचा चहा गार होतो. मग आजी ओरडते. आजोबा मेथी आणली की जुडी सोडतात आणि परत बांधतात. आजीला कळू देत नाहीत. गाठ मारत नाहीत. पीळ देतात आणि टोक आत घालतात. मला पण येतं. मी विचारलं कोणी शिकवलं तर म्हणाले माझ्या बाबांनी. बांधून झाली की ते जुडीचा वास घेतात. माझे आजोबा जिवंत आहेत."

मला हे माहीत नव्हतं. बाबांनी मेथीला हात लावलेला मी कधी बघितला नव्हता. मळ्यात गेलो तरी ते खुर्ची मागवून बसायचे. आईच्या तोंडाकडे बघितलं, तर तिलाही माहीत नव्हतं.

पेन्सिल वहीवर टेकली होती. "घालतात"वर आली, तिथे "खोचतात" हवं होतं, पण थांबली. आता येणार वटवृक्ष, आता येणार हरिनाम. बाबांनी पेन्सिल खिशात ठेवली. मेथीच्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं. त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"हितं हायेत बघ आबा," ते म्हणाले.